ओढा धरून चला : जुन्या नकाशांवरून आपला भाग ओळखताना

आपल्या भागाचा इतिहास शोधायचा म्हटलं की पुणेकर थेट शनिवारवाड्याकडे निघतो. तिथलं बहुतेक सगळं आधीच लिहून झालेलं आहे. त्यापेक्षा कपाटातली घराची फाईल काढा. खरेदीखत, इंडेक्स टू, मालमत्ता पत्रक, जे असेल ते. त्यात पोस्टाच्या पत्त्याखेरीज जमिनीचाही एक पत्ता असतो. तो कोणत्या आकड्यांत लिहिलाय यावरून तुमची जमीन नकाशावर कशासाठी आली, हे बऱ्यापैकी कळतं.

कोथरूड, बिबवेवाडी, हडपसर, वडगाव शेरी, बाणेर अशा भागांत बहुधा ‘स. नं.’ म्हणजे सर्व्हे नंबर दिसेल आणि त्यापुढे तिरकी रेघ मारून पोटहिस्सा. म्हणजे तुमची सोसायटी एका शेतावर उभी आहे आणि ते शेत इंग्रजी अमलात सारा ठरवण्यासाठी मोजलं गेलं होतं. पेशवाई गेल्यावर पुणे जिल्ह्यात प्रिंगल या अधिकाऱ्यानं केलेली मोजणी फसली. मग १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून नव्यानं सुरुवात केली आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर रुळली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. बिल्डर चौरस फुटांत बोलतो, पण जमीन विकणारा अजून गुंठ्यातच बोलतो, तो या साखळीमुळे.

पेठांत राहत असाल तर ‘सि. स. नं.’ दिसेल, म्हणजे नगर भूमापन क्रमांक. इथे शेत नाही, घर मोजलंय. वाडा पाडून तीन मजली इमारत झाली, मग सात मजली झाली, तरी भूखंडाची बाह्यरेषा बहुधा तीच राहते. समोरून अरुंद, आत खोल आणि मागे एकदम वाकडी अशी इमारत दिसली, तर तिच्या आर्किटेक्टला नावं ठेवण्याआधी सिटी सर्व्हेचा नकाशा बघा.

तिसरा प्रकार डेक्कन, प्रभात रस्ता, शिवाजीनगरकडचा : ‘फायनल प्लॉट’, अर्थात अंतिम भूखंड. १९१५च्या नगररचना कायद्यानंतर शेतांच्या जुन्या हद्दी पुसून नवे, चौकोनी भूखंड पाडले गेले. त्यामुळेच या भागात रस्ते सरळ आहेत आणि गल्ल्यांना चक्क क्रमांक आहेत. नगररचना योजनेच्या कागदांत मूळ भूखंड आणि अंतिम भूखंड अशा दोन्ही रेषा सापडतात. एकाच जमिनीचा ‘आधी’ आणि ‘नंतर’ एका जागी बघायला मिळणं ही या कामातली चैनच आहे. डेक्कनवाल्यांनी ती सोडू नये.

कुठला नकाशा, कुणी काढलेला

नकाशा हाती आला की आपण लगेच आपलं घर शोधायला लागतो. आधी तो कुणी आणि कशासाठी काढला ते बघा. लष्करानं काढलेल्या नकाशात कॅम्पातला बंगला न् बंगला दिसतो आणि कसबा पेठ म्हणजे नुसता काळा ठिपक्यांचा पुंजका. महसूल खात्याच्या गावनकाशात बांध, विहिरी, ओढे, पाणंद, शीव सगळं येतं, पण गावठाण म्हणजे एक मोकळा कोरा आकार, कारण गावठाणातल्या घरांवर सारा नव्हता. नगरपालिकेच्या नकाशात गटारं आणि नळ सापडतात. प्रत्येकानं आपल्या कामाचं तेवढं टिपलंय. म्हणून एकाच नकाशावर कधी विसंबू नका, निदान दोन वेगळ्या खात्यांचे नकाशे शेजारी ठेवा.

मिळतात कुठे? गावनकाशा, टिपण, फाळणी हे कागद भूमी अभिलेख खात्याकडे असतात. मौजे, तालुका आणि सर्व्हे नंबर लिहून अर्ज करावा, नक्कल फी भरावी. पेठांसाठी नगर भूमापन कार्यालय. ‘महाभूनकाशा’ या सरकारी संकेतस्थळावर हद्दी घरबसल्या दिसतात, पण तो आजचा नकाशा आहे; जुन्याचा धागा पकडायला उपयोगी, जुना म्हणून दाखवायला नाही. जुने स्कॅन केलेले कागद ‘आपले अभिलेख’वर शोधा. खिडकीवर ‘इतिहासासाठी हवाय’ असं सांगितलंत तर समोरचा माणूस गोंधळतो. ‘गावनकाशाची नक्कल पाहिजे’ एवढंच सांगा.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचे, नकाशे वेगळे. जुने एक मैलाला एक इंच या मापाचे, नंतरचे १:५०,०००. पुण्याचा परिसर ४७ एफ या मालिकेत येतो. यात गल्ली दिसणार नाही, पण टेकडी, ओढा, गाव, गाडीरस्ता, विहीर, देऊळ यांचं नातं इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. अमेरिकी लष्करानं विसाव्या शतकाच्या मध्यावर छापलेले हिंदुस्थानचे अडीच लाखांच्या मापाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. त्यात पुणे किती लहान होतं ते बघून धक्का बसतो, बाकी फारसा उपयोग नाही.

मला त्याहून आवडतात ती ‘कोरोना’ उपग्रहांची छायाचित्रं. (नावाला घाबरू नका, साथीशी संबंध नाही.) अमेरिकेनं १९६० ते १९७२ या काळात हेरगिरीसाठी आकाशातून काढलेली ही चित्रं १९९५मध्ये खुली झाली. ती अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शोधता येतात. सुरुवातीची धूसर आहेत, नंतरची बरीच स्पष्ट. पुण्याच्या दृष्टीनं हा काळ सोन्यासारखा, कारण १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं आणि त्यानंतर शहर नदीकाठ सोडून बाहेर फुटलं. गोखलेनगर, लोकमान्यनगर या पूरग्रस्तांच्या वसाहती त्यातल्याच.

आणि मग पुण्याचं खास भांडार : पेशवे दप्तर. तिथे आजच्या अर्थानं मोजून काढलेले नकाशे शोधायला जाऊ नका. तिथे मिळतात घरझाडे, म्हणजे पेठेतल्या घरांच्या याद्या. कोणत्या रांगेत कुणाचं घर, शेजारी कोण. ती यादी क्रमानं वाचत गेलं की गल्ली डोळ्यांपुढे उभी राहते. नकाशाचं निम्मं काम झालेलं असतं. अडचण एकच, मोडी. पुण्यात मोडीचे वर्ग अधूनमधून भरतात. गटातल्या एकानं शिकून घेतलं तरी पुरे. मोडीत जायचं नसेल तर १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटियरचा तिसरा भाग, ना. वि. जोशी यांचं १८६८चं ‘पुणे शहराचे वर्णन’ आणि १९१०मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचं ‘पुणे नगर संशोधन वृत्त’ ही तीन पुस्तकं शेजारी हवीतच. गॅझेटियरमध्ये अठराही पेठांची एकेक करून माहिती आहे. ती वाचताना नकाशा उघडा ठेवा, नाहीतर अर्ध्या पानात झोप येते.

नकाशाचं वय

नकाशावर छापलेलं साल हे छपाईचं साल असतं, पाहणीचं नव्हे. समासात बारीक अक्षरात पाहणी कधी झाली ते वेगळं लिहिलेलं असतं. पुष्कळदा जुन्याच पाहणीवर नवे रस्ते रंगवून नकाशा पुन्हा छापत. समास कापलेली झेरॉक्स हाती आली तर खुणांवरून वय काढावं लागतं आणि पुण्यात ते जमतं.

रेल्वे नसेल तर पाहणी १८५८च्या आधीची. बंडगार्डनचा फिट्झगेराल्ड पूल १८६९चा. शहराच्या दक्षिणेला खडकवासल्याचा कालवा दिसत असेल तर १८७०च्या दशकाच्या पुढचा. शुक्रवार पेठेत ‘रे मार्केट’ लिहिलेलं असेल तर १८८६ किंवा नंतरचा. फर्ग्युसन कॉलेज आजच्या जागी गेलं १८९५ला. शनिवारवाड्यामागचा नवा पूल, तेव्हाचा लॉइड ब्रिज, १९२३चा. ‘प्रभात रोड’ हे नाव असेल तर १९३३च्या पुढचा, कारण त्या साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली. गणेशखिंडीच्या लाटसाहेबाच्या बंगल्यावर विद्यापीठ लिहिलेलं असेल तर १९४९च्या पुढचा. अशा चार खुणा लावल्या की नकाशा दहा-पंधरा वर्षांच्या आत सापडतो.

‘रे मार्केट’च्या या नोंदीवर जरा थांबायला हवं. त्याआधी मंडई शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरत असे. पालिकेनं नवी दगडी मंडई बांधायला घेतली तेव्हा महात्मा जोतीराव फुले पालिकेचे सभासद होते आणि त्यांनी या खर्चाला विरोध केला होता. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच मंडईला फुल्यांचं नाव दिलं गेलं. नकाशावर ही गोष्ट फक्त दोन ओळींत दिसते : एका आवृत्तीत ‘रे मार्केट’, दुसरीत ‘फुले मार्केट’. मधलं सगळं तुम्हाला पालिकेच्या इतिवृत्तात आणि जुन्या वर्तमानपत्रांत शोधावं लागतं. नकाशा प्रश्न देतो. उत्तर त्यातच असेल असं धरून बसू नका.

नावांचाही घोळ असतो. पेठांची वारांची नावं सगळ्यात जुनी असतील असं वाटतं, पण शनिवार पेठ आधी मुर्तझाबाद होती, शुक्रवार विसापूर, रविवार मलकापूर. आजचं शिवाजीनगर म्हणजे भांबुर्डे. मुंजेरी हे गाव बोलण्यातून जवळजवळ गेलं, जमिनीच्या कागदांत मात्र अजून भेटतं. इंग्रजी नकाशात किर्की, वानवरी, पर्बती, येरोडा अशा स्पेलिंगांनी शोध घ्यावा लागतो. प्रत्येक जागेच्या सगळ्या नावांची एक यादी पहिल्याच दिवशी करायला घ्या, ती शेवटपर्यंत वाढत राहते.

आता ओढा

पुण्यात शोध कुठून सुरू करावा असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे : पाण्यापासून. वाडे जळतात, शनिवारवाडा १८२८च्या आगीत गेला. नावं बदलतात. रस्ते रुंद होतात. उतार मात्र जातो कुठे? आणि पाण्यावर नजर ठेवली की शहराच्या बाकीच्या गोष्टी आपोआप त्याच्याभोवती गोळा होतात.

आंबिल ओढ्याचं उदाहरण घ्या. कात्रजच्या डोंगरातून निघून तो पर्वतीकडे येतो. जुनं कसबे पुणे उत्तरेला मुठा, पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला हा ओढा यांच्या बेचक्यात वसलेलं होतं. ओढा तेव्हा पर्वतीपासून उत्तरेला, साधारण आजच्या बाजीराव रस्त्याच्या पट्ट्यातून वाहत मुठेला मिळायचा. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून तळं केलं आणि ओढ्याचं पाणी पश्चिमेला वळवलं. त्यामुळे शुक्रवार, सदाशिव या पेठांना वाढायला जमीन मोकळी झाली. तळ्यातल्या बेटावर १७८४मध्ये सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला. पुढे तळं गेलं आणि त्या जागी सारसबाग आली. आज तुम्ही रस्त्यावरून बागेत उतरता आणि देवळासाठी पुन्हा पायऱ्या चढता, ते तळ आणि बेट यांच्यामुळे.

आता हे नकाशावर बघायला जा आणि पहिलीच मेख लक्षात येते. मोजून काढलेले सगळे नकाशे ओढा वळवल्यानंतरचे आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही इंग्रजी नकाशात तुम्हाला तळं दिसेल, नवा प्रवाह दिसेल, जुना प्रवाह दिसणार नाही. त्यासाठी नकाशा सोडून इतर गोष्टींकडे वळावं लागतं : पेठांच्या हद्दी कुठे वळतात, जमिनीची पातळी कुठे खाली जाते, जुन्या लेखनात ‘ओढ्यापलीकडे’ असा उल्लेख कशाबद्दल येतो. बाजीराव रस्त्यावर उभं राहून आडव्या गल्ल्यांकडे बघा. दोन्ही बाजूंनी उतार रस्त्याकडे येतो का? कुठे येतो, कुठे नाही? पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन जा आणि पाणी कुठून कुठे धावतं ते नकाशावर बाणांनी काढा. दोन तासांत जे कळतं ते ग्रंथालयात आठवडाभर बसून कळत नाही.

ओढ्याचा आजचा, म्हणजे वळवलेला भाग तर नीट बघायलाच हवा. जुन्या सर्व्हे नकाशात त्याची रुंदी मोजा आणि मग दांडेकर पुलाजवळ जाऊन आजची बघा. २७ सप्टेंबर २०१८ला याच भागात मुठा कालवा फुटला आणि पाणी ओढ्याकाठच्या वस्तीत शिरलं. पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री, ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वर, सहकारनगर, कात्रजकडच्या भागांत माणसं गेली. कात्रज ते मुठा या वाटेवरच्या कोणत्या सर्व्हे नंबरांतून ओढ्याची दुहेरी रेघ जात होती आणि आज तिथे काय आहे, एवढा एकच तक्ता तुमच्या गटानं केला तरी तो नगरसेवकासमोर ठेवण्याजोगा दस्तऐवज होईल. स्थानिक इतिहास म्हणजे फक्त जुन्या काळाचं कौतुक, असं वाटत असेल त्यांनी हा तक्ता करून बघावा.

पाण्याचाच दुसरा धागा हौदांचा. १७५०च्या सुमारास कात्रजच्या तलावातून शहरात दगडी नळ आणला गेला. वाटेत ठिकठिकाणी हवा सुटण्यासाठी उच्छ्वास ठेवले होते आणि शहरात हौद. नाना फडणवीसांनी आणलेलं पाणी वेगळं, रास्त्यांचं वेगळं. आज फडके हौद, बदामी हौद, नाना हौद, बाहुलीचा हौद, तांबट हौद ही नावं चौकांना आणि बसथांब्यांना उरली आहेत. एका कोऱ्या नकाशावर तुमच्या भागातले सगळे हौद लाल टिंबांनी मांडा. हे सगळे एकाच नळावरचे नव्हते, त्यामुळे टिंबं जोडताना घाई करू नका. आधी उतार बघा, मग कागद बघा, मग जोडा.

नकाशा जे सांगत नाही त्याचंही इथेच एक उदाहरण आहे. टिंबाखाली ‘हौद’ लिहिलेलं असतं. पाणी कुणाला भरू देत होते ते लिहिलेलं नसतं. १८६८मध्ये जोतीरावांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हे ठाऊक नसेल तर बाकीची टिंबं तुम्ही सगळ्यांची समजून बसाल. गावनकाशातही तसंच. शिवेजवळचा पुंजका, ‘महारवाडा’, ‘मांगवाडा’ अशी नोंद, वतनाच्या हाडकी-हाडोळ्याच्या जमिनी, हे सगळं कागदांत सापडतं. तिथे आज राहणाऱ्या कुटुंबांशी बोलल्याशिवाय, त्यांच्या संमतीशिवाय अशा नोंदी तुमच्या तक्त्यावर छापू नका. आणि संकोच वाटतो म्हणून गाळूही नका. त्या घरांतली माणसं आपली हकीकत स्वतः सांगायला तयार असतील तर ती त्यांच्या शब्दांत घ्या.

जुना नवा एकावर एक

संगणकाची भीती असेल तर ट्रेसिंग पेपर पुरतो. आजचा नकाशा जुन्याच्या मापाला आणून छापा, वर ट्रेसिंग ठेवा, खिडकीच्या काचेवर धरा. मापाचं एक सांभाळा : झेरॉक्स काढताना कागद लहानमोठा होतो, म्हणून ‘इंचाला इतके फूट’ या अक्षरांवर विश्वास ठेवू नका, खाली छापलेली मापपट्टी पट्टीनं मोजा.

संगणकावर करणार असाल तर क्यूजीआयएस हा फुकट प्रोग्रॅम घ्या. त्यात जुन्या नकाशाचं चित्र आजच्या नकाशावर बसवता येतं. त्यासाठी दोन्हीत सापडतील अशा खुणा द्याव्या लागतात. कसबा गणपती, शनिवारवाड्याचे बुरूज, ओंकारेश्वर, पर्वतीचं देऊळ, रेल्वेचा पूल अशा न हललेल्या जागा निवडा. नदीचा काठ घेऊ नका, तो सरकतो. लकडी पुलासारखी जागा जपून : १७६१चा लाकडी पूल कधीच गेला, नंतर दगडी झाला, रुंद झाला, नाव बदललं. खुणा चारही कोपऱ्यांत पसरलेल्या हव्यात. सगळ्या कसब्यातच दिल्या तर कसबा बरोबर बसतो आणि पर्वती भलतीकडे जाते. आठ-दहा चांगल्या खुणा पुरतात. तरीही रेषा पाच-पंचवीस फूट इकडेतिकडे होणारच. म्हणूनच हे काम करताना शेजारच्या सोसायटीशी हद्दीचा वाद असेल तर तो तिथे आणू नका. तुमच्या चित्रावरून कुणाचा बांध सरकत नाही, भांडण मात्र उभं राहतं. हद्द ठरवायची असेल तर सरकारी मोजणी.

चालताना नकाशाची लहान प्रत पुठ्ठ्यावर क्लिपनं लावा. कारण नसताना वळणारी गल्ली, अचानक रुंद होणारा चौक, रस्त्याच्या पातळीखाली गेलेलं देऊळ, पार, जुना पिंपळ यांपाशी थांबा. उपनगरांत दोन वस्त्यांमधला वाकडा रस्ता पुष्कळदा जुनी शीव किंवा पाणंद असतो; गावनकाशातल्या तुटक रेषेशी तो ताडून बघा. पेठांत आळ्यांची नावं बघा : तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, बोहरी आळी. कसब्यातल्या तांबट आळीत अजून तांब्यावर ठोके पडतात, बाकी ठिकाणी नाव राहिलं आणि धंदा गेला. गेला तो कुठे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

विचारायचं कुणाला आणि कसं? ‘काका, तुमच्या भागाचा इतिहास सांगा’ म्हटलं की काका शिवाजी महाराजांपासून सुरुवात करतात आणि तुम्ही चहा पिऊन परत येता. प्रश्न लहान आणि हातात धरता येईल असा हवा. ‘आजी, लग्न होऊन या वाड्यात आलात तेव्हा पाणी कुठनं भरत होतात?’ ‘धुणं कुठे न्यायचात?’ ‘शाळेत जाताना ओढा लागायचा का? पावसात कसे जायचात?’ जुना नकाशा पुढ्यात पसरून विचारलं तर बोट आपोआप फिरायला लागतं. साल विचारू नका. पुणेरी माणसाचं पंचांग वेगळं असतं : ‘पानशेतच्या आधी की नंतर?’ एवढं विचारा, पक्कं उत्तर येतं. पुराचं पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं होतं, हेही नारायण पेठेतल्या, शनिवार पेठेतल्या जुन्या घरांत विचारून घ्या आणि तिथल्या तिथे फुटपट्टीनं मोजून टिपा.

ऐकीव गोष्टी पुण्यात भरपूर मिळतील. खुन्या मुरलीधर, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, प्रत्येक देवामागे दोन-तीन कथा आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. टाकून देऊ नका, पण वेगळ्या रंगात लिहा. साधा नेम करा : नकाशावर दिसलं ते काळ्या शाईत, कागदपत्रात सापडलं ते निळ्या, कुणी सांगितलं ते हिरव्या. एकाच जागेवर तीनही रंग आले तर निर्धास्त राहा. नुसतं हिरवं असेल तर तसंच हिरवं राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मजकुराला कुठलाच रंग देऊ नका.

पहिला तक्ता लहान करा. अख्खी पेठ नको, अख्खं कोथरूड तर नकोच. एक गल्ली, एक ओढ्याचा तुकडा, किंवा तुमच्या सोसायटीचा एक सर्व्हे नंबर. मोठ्या कागदावर डावीकडे जुना नकाशा, उजवीकडे आजचा, खाली रंगीत नोंदी आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून मिळाली ते. नकाशाचं पाहणीचं साल आणि छपाईचं साल दोन्ही लिहा. ज्या संकेतस्थळावरून चित्र घेतलं त्याची वापराची अट वाचून घ्या. घरच्या अभ्यासाला चालतं ते छापून विकायला चालेलच असं नाही.

मग तो तक्ता गणपतीत मांडवाच्या कडेला लावा. दहा दिवस सगळा भाग तिथून जातो, पेठ सोडून सिंहगड रस्त्याला गेलेले जुने रहिवासीही दर्शनाला येतात, आणि पुणेकराला चूक दाखवण्याची संधी दिली तर तो ती दवडत नाही. शेजारी एक वही आणि पेन्सिल ठेवा. पेन्सिल दोरीनं बांधून ठेवा, नाहीतर पहिल्या आरतीला जाते.